टोपली शिकायला गेलेले पंतोजी

फार जुनी गोष्ट आहे. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक पंतोजी होते. देवळाच्या ओवरीत त्यांची शाळा भरायची. तीस मुलं. पंतोजी एक ओळ सांगायचे आणि मुलं तीच ओळ बेंबीच्या देठापासून ओरडायची. पाढे असोत की मुळाक्षरं, रीत एकच. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनाही शाळा ऐकू जायची आणि गावाला त्याचं मोठं कौतुक. आवाज मोठा म्हणजे शिकवणं चांगलं, असं सगळेच धरून चालायचे. पंतोजीसुद्धा.

त्या तीस मुलांत एक होती सगुणा. वर्ष सरलं तरी धूळ पसरलेल्या पाटीवर तिला दहा अक्षरं धड काढता येईनात. बाकीची मुलं ओरडायला लागली की ही मान खाली घालायची आणि धुळीत बोटानं नुसत्या रेघा ओढत बसायची.

शेवटी पंतोजींनी तिच्या आईला बोलावून घेतलं. म्हणाले, "उद्यापासून हिला पाठवू नका. हिच्या डोक्यात शिरत नाही."

"अजून थोडं करून बघा ना, पंतोजी. घरी फार हुशारीनं बोलते हो ती."

"एकोणतीस मुलांना शिकवलं तसंच हिला शिकवलं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आता माझा काय दोष?"

आईनं पोरीचा हात धरला आणि घरी गेली. पंतोजींना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आपण चुकलो असं काही वाटलं नाही.

आता त्या राज्यात एक नियम होता. दर तीन वर्षांनी प्रत्येक पंतोजीनं एक महिना स्वतः विद्यार्थी व्हायचं. तेही आपल्याला येत नाही अशाच कामात. लबाडी करणारे असायचेच. एकानं तर पोहणं शिकतो म्हणून सांगितलं, आणि तो जन्मला होता कोळ्याच्या घरात! म्हणून मग राजाचा शिपाई चिठ्ठी काढून काम ठरवायला लागला. आपल्या पंतोजींच्या चिठ्ठीत निघालं, बांबूची टोपली.

दोन कोस लांबच्या गावी एक म्हातारी बुरडीण होती. पंतोजी तिच्याकडे गेले. तिच्यापुढे आणखी तीन जण शिकायला बसलेले, त्यातली एक तर जेमतेम आठ वर्षांची पोर. बुरडीण समोर बसून बांबूच्या कामट्या विणून दाखवायची. "एक वर, एक खाली. बघा, सोपं आहे."

पंतोजींच्या हातात मात्र कामट्यांचा नुसता गुंता व्हायचा. पहिल्या दिवशी झाला, दुसऱ्या दिवशी झाला, चौथ्या दिवशीही तेच.

"पंतोजी, हे घरटं कुठल्या पाखराचं?" आठ वर्षांची पोर म्हणाली आणि सगळे हसले. पंतोजींचे कान लाल झाले. ज्यांच्यापुढे तीस मुलं थरथरायची, त्यांना एका टोपलीनं रडकुंडीला आणलं होतं.

सहाव्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, "ताप आलाय. येत नाही."

दुपारी बुरडीण स्वतःच त्यांच्या बिऱ्हाडी हजर. कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, "ताप खरा आहे का टोपलीचा?"

पंतोजींनी पांघरूण बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, "मावशी, मला नाही जमायचं. माझ्या डोक्यात शिरत नाही."

"डोक्याचं राहू द्या. कुठं अडतं ते सांगा."

पंतोजींनी विचार केला. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. "तुम्ही समोर बसता ना, तर तुमचा उजवा हात मला डावीकडे दिसतो. मी तसंच करायला जातो आणि सगळं उलटं होऊन बसतं."

"अगं बाई! मग बोलायचं की आधी. चाळीस वर्षं मी समोरच बसते. बाकीच्यांना जमतं, मला काय ठाऊक तुमचं तिथं अडतंय ते?"

दुसऱ्या दिवसापासून ती पंतोजींच्या शेजारी बसली. महिना संपता संपता टोपली झाली. वाकडी झाली, पण झाली.

गावी परतले ते पंतोजी थेट सगुणाच्या घरी गेले. आई दारात धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलंसुद्धा नाही.

"सगुणाला परत पाठवा," पंतोजी म्हणाले.

"नको, पंतोजी. शाळेत होती तेव्हा रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. शाळा सुटल्यापासून एकदा दुखलं नाही. मी आई आहे, मुद्दाम दुखणं कशाला आणू?"

पंतोजींना आपला ताप आठवला. ते म्हणाले, "मला फक्त तिच्याशी बोलू द्या."

सगुणा बाहेर आली. पंतोजी पाटी घेऊन तिच्या शेजारी बसले, बुरडीण बसायची तसे. सगुणा सरकली. ते पुन्हा जवळ सरकले, तर पोर उठून आईच्या मागे लपली. शेजारी बसल्यावर मला आलं, मग हिला का येऊ नये, असं पंतोजींना वाटलं. आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं, आपण पुन्हा न विचारताच सुरुवात केली.

ते जागेवरूनच म्हणाले, "सगुणा, तुझं कुठं अडतं गं?"

आईच्या पदराआडून आवाज आला, "सगळी ओरडतात ना, तेव्हा अक्षर माझ्या डोक्यातून पळून जातं."

आईच्या हातातलं सूप थांबलं. पोरीनं दुसरं काहीही सांगितलं असतं तर सोपं होतं. ज्या आवाजानं पंतोजींचं नाव झालं होतं, त्याच आवाजात ही पोर बुडत होती.

"उद्या पाठवा," ते उठता उठता आईला म्हणाले. "दुपारपर्यंत कुणी ओरडणार नाही."

"आणि तरी नाही आलं तर?"

"तर पुन्हा विचारीन."

दुसऱ्या दिवशी ओवरी शांत होती. गावाला चैन पडेना. पाटील काठी टेकत आले. "काय हो पंतोजी, टोपल्या विणून आलात आणि शाळेला कुलूप लावलंत काय? आवाज कुठाय?"

"अर्धा दिवस आवाज, अर्धा दिवस शांतता, पाटील. आजपासून असंच."

"एका पोरीसाठी?"

"काल एकीसाठीच ठरवलं होतं. आज एकेकाला वेगळं म्हणायला लावलं, तर आणखी चौघांना काहीच येत नाही. इतके दिवस नुसती तोंडं हलवत होते. त्या गोंधळात मला कळलंच नाही."

पाटील पुटपुटत निघून गेले. गावातले आणखी काही जण महिनाभर नाकं मुरडत होते. पंतोजींनी रीत बदलली नाही.

सगुणाची आई मात्र त्या पहिल्या दिवशी शेतावर गेलीच नाही. देवळाच्या कोपऱ्यावरच्या दगडावर जीव मुठीत धरून बसून राहिली. रडण्याचा आवाज आला की उचलून न्यायची, असं तिनं ठरवलं होतं. रडणं काही ऐकू आलं नाही. ऊन डोक्यावर आलं तशी ती ओवरीच्या पायरीशी गेली.

"सगुणा, चल गं. भाकरी खायला चल."

सगुणानं पाटीवरून मान वर केली नाही. "तू हो पुढं, आई," ती म्हणाली. "माझं एक अक्षर राहिलंय."

तात्पर्य: मूल अडलं तर त्याला ढ म्हणण्याआधी कुठं अडतंय ते विचारावं. आणि उत्तरात आपलीच चूक निघाली, तर आपण बदलावं.