हरभऱ्याच्या झाडावरची केतकी

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता, आणि त्याच्या राजवाड्याच्या मागच्या भिंतीलगत म्हाळसाक्का भडभुंजणीची भट्टी होती. भिंतीच्या त्या बाजूला सिंहासन, या बाजूला कढई. या बाजूला काय भाजतं याचा त्या बाजूला नुसता वास जाई. त्या बाजूला काय शिजतं ते मात्र या बाजूला नीट कळे.

म्हाळसाक्का हरभरे भाजी, फुटाणे विकी, आणि उरलेल्या वेळात भिंतीवरून डोकावे. खरं सांगायचं तर डोकावून उरलेल्या वेळात हरभरे भाजी. भिंतीला लागून तिनं पोत्यांची थप्पी रचली होती. कुणी विचारलं तर म्हणे, "उन्हाला ठेवलीत बाई. दमट होतात." थप्पीच्या वरच्या पोत्याला मात्र दोन पावलांचे खळगे पडलेले होते.

तर त्या पोत्यावरून दिसलेली ही हकिकत.

राजाला नवसासायासानं मुलगी झाली, आणि ती जन्मली तेव्हा रडलीच नाही. वैद्य हरले, सुईणी हरल्या. तेव्हा उत्तरेकडून मधुजिव्ह नावाचा मांत्रिक आला. त्याची जीभ गुळाची होती. त्यानं बाळाच्या कानात 'वाहवा' एवढंच म्हटलं, आणि बाळ हसलं.

मांत्रिक म्हणाला, "राजा, पोर नाजूक आहे. 'चुकलं' असं ऐकेल तर कोमेजेल. 'पुन्हा कर' असं ऐकेल तर सुकेल. हिचं कौतुक करा. नुसतं कौतुक."

राजा म्हणाला, "आपलं मागणं?"

"अंगणात हा एक हरभरा पेरतो. झाड माझं. बारा वर्षांनी घेऊन जाईन."

राजाला हसू आलं. हरभऱ्याचं झाड ते केवढं! वीतभर. त्यानं 'तथास्तु' म्हटलं आणि तिथंच तो चुकला. पण 'चूक' आणि 'पुन्हा' हे दोन शब्द राजवाड्याच्या चार भिंतींत त्याच दिवसापासून बंद झाले होते. मग राजाला सांगतो कोण?

मुलीचं नाव ठेवलं केतकी. केतकी रांगली, सगळे म्हणाले, शाब्बास! झाड वीतभर वाढलं. केतकीनं दूध सांडलं, आचारी म्हणाला, धार बघा किती सरळ! झाड वीतभर वाढलं. पंतोजींनी पाटीवर 'ग' काढून दाखवला. केतकीनं नुसती एक उभी रेघ ओढली. पंतोजी म्हणाले, "ग चा काना आला, म्हणजे ग आलाच!" झाड वीतभर वाढलं. पाचव्या वर्षी तिला कौतुकानं उचलून झाडावर बसवलं, आणि झाड तिला घेऊन वर निघालं. खोड गुळगुळीत, आडवी फांदी एक नाही. चढवणं सोपं झालं, उतरणं राहिलं. बारावं वर्ष सरत आलं तेव्हा केतकी राजवाड्याच्या कळसाच्याही वर बसलेली होती. जेवण टोपलीतून जाई. कौतुक खालून ओरडून जाई. रोज सकाळी राजा, प्रधान आणि पंतोजी झाडाखाली उभे राहत आणि माना वर करून आळीपाळीनं वाहवा म्हणत.

म्हाळसाक्काला यात एकच गोष्ट खटके.

"अगं साळू," ती वळचणीतल्या साळुंकीला म्हणे, "हरभऱ्यात माझा जन्म गेला. ह्या झाडाला पान आहे, उंची आहे, पण घाटा एक नाही. ज्याच्यात दाणा धरायचा तो घाटाच नाही, तर झाड कशाला म्हणायचं?"

साळुंकी बोलकी होती. माणूस जे बोले ते ती बोलत नसे. माणूस जे गिळे ते ती बोले. म्हणून पाहुणे आले की म्हाळसाक्का तिला सुपाखाली झाकून ठेवी.

"तुला घाट्याचं पडलेलं नाही," साळुंकी म्हणाली. "तुला पोरीची कणव येते."

"गप गं. शहाणी."

एके दिवशी भर दुपारी मांत्रिक परत आला. म्हाळसाक्का पोत्यावर चढली आणि तिनं कान दिला.

मधुजिव्ह म्हणाला, "राजा, आजपासून आठवे दिवशी बारा वर्षं पुरी. झाड माझं, आणि झाडावर जे असेल तेही माझं."

राजा पांढरा पडला. "झाडावर माझी केतकी आहे!"

"तिनं आपल्या पायांनी उतरावं. मी कुठं अडवलंय?"

"तिला कसं जमेल हो?"

"तेच तर," मांत्रिक गोड हसला. "तिला कसं जमेल!"

तो गेला. मग राजवाड्यात धावाधाव झाली. शिड्या आल्या, सुतार आले. शिडी लावली की माणसं वर बघून ओरडत, "भिऊ नकोस! शाब्बास, वाघीण आमची!" आणि झाड वाढे, आणि शिडी वीतभर कमी पडे.

म्हाळसाक्का खाली उतरली. "साळू, तो गुळाच्या जिभेचा काय बोलला ते मी ऐकलं. गिळलं काय?"

साळुंकीनं मान वाकडी केली. "त्यानं गिळलं ते असं. पोरीनं तीन कामं करावीत. तिन्ही चुकावीत. तिन्ही पुन्हा करावीत. मग झाड त्याचं राहत नाही."

"पण 'पुन्हा' म्हणायला राजाची बंदी आहे."

"राजवाड्यात आहे. तुझी भट्टी कुठं आहे?"

म्हाळसाक्कानं भिंतीकडे पाहिलं, मग भट्टीकडे पाहिलं. मध्ये अर्ध्या हाताचं अंतर होतं. अर्धा हात पुष्कळ झाला.

वाऱ्यानं झाडाचा शेंडा भिंतीच्या अलीकडे झुकला तशी तिनं हाक मारली, "ए पोरी! फुटाणे खाणार का गरम?"

वरून टोपली खाली आली. म्हाळसाक्कानं तीत फुटाणे घातले, एक पाटी घातली, लेखणी घातली. "फुटाणे कुणाला दिले ते मला कळायला हवं. नाव लिहून दे."

पाटी परत आली. म्हाळसाक्काचं शिक्षण पोत्यांवरची नावं वाचण्याइतकंच, तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं. "के... क... ती. अगं, ही केकती कोण? मी तर फुटाणे केतकीला दिले."

 वरून एक चिडका आवाज आला. "सगळे वाहवा म्हणतात!"

"म्हणोत की. मी फुटाणेवाली. मला नाव पाहिजे. चुकलंय. पुन्हा लिही."

असा शब्द त्या मुलीनं जन्मात ऐकला नव्हता. टोपली सरसर वर गेली.  कोमेजली तर? सुकली तर? तो दिवस ती भिंतीखालून हलली नाही, आणि कढईतले हरभरे दोनदा करपले. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपली आली. पाटी पुसून पुसून पांढुरकी झाली होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं: केतकी. 'त' थोडा लंगडा होता, पण आपल्या जागी होता.

त्या सकाळी राजा, प्रधान, पंतोजी वाहवा म्हणून दमले. झाड तसूभर वाढलं नाही.

म्हाळसाक्का कोमेजलेली पोर बघायला वर पाहू लागली, तर पोर पुढे वाकून खाली बघत होती. "आता काय लिहू?" तिनं विचारलं.

"आता लिहायचं नाही, वाचायचं. माझं एक काम अडलंय बाई." हे मात्र खरं होतं. भट्टीच्या वर एक बांबूची नळी टांगलेली होती, तीत सासूच्या सासूनं लिहून ठेवलेलं ताडपत्र होतं. अक्षर जुनं, किचकट. दोन पिढ्या त्याला हळदकुंकू वाहत आल्या, वाचलं कुणीच नव्हतं. "मला हे येत नाही. तू वाचून सांग."

केतकीनं टोपलीतून आलेलं ते पान दोन्ही हातांनी धरलं. आजवर तिला पुष्कळ जणांनी पुष्कळ काही दिलं होतं. तिच्याकडे काही मागितलं नव्हतं कुणी.

संध्याकाळी वरून आवाज आला, "शेंडा जपेल, त्याला घाटा!"

म्हाळसाक्कानं झारा खाली ठेवला. "असं लिहिलंय? की असं असेल असं वाटलं?"

"...वाटलं."

"माझ्या सासूची सासू हरभऱ्यातली होती. ती असलं लिहायची नाही. पुन्हा वाच. एकेक अक्षर फोड."

दोन दिवस वरून पुटपुट ऐकू येत राहिली. जेवणाची टोपली अर्धी परत आली, तिकडे पंतोजी हवालदिल झाले. सहाव्या दिवशी केतकी इतक्या मोठ्यानं ओरडली की कळसावरची पाखरं उडाली.

"खु! तो ज नाही, खु आहे; पुढे प नाही, ड आहे! शेंडा खुडेल, त्याला घाटा!"

म्हाळसाक्कानं कपाळावर हात मारून घेतला. हे तर प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं! हरभरा जरा वर आला की त्याचा शेंडा खुडायचा, मग तो उंच जायचं सोडतो, आडवा फुटतो आणि घाट्यांनी लगडतो. ह्या झाडाचा शेंडा बारा वर्षांत कुणी खुडला नव्हता. पाहत राहिली बारा वर्षं, आणि घरच्या नळीत उत्तर टांगलेलं!

"पोरी, शेंडा कुठंय?"

"माझ्या डोक्यावर."

"खुड."

केतकीनं शेंड्याला हात घातला आणि किंचाळून मागे घेतला. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, आंबट, झोंबरी. बोटं चुरचुरली, शेंडा वाकला आणि सुटून परत ताठ झाला. "मला नाही जमत," ती म्हणाली, आणि रडू लागली. जन्मल्यावर राहिलेलं रडणं ते. दोन दिवस रडली.

आठवा दिवस उजाडला. मांत्रिक कुदळ खांद्यावर टाकून आला. राजा झाडाखाली उभा राहिला, आणि सवयीनं म्हणाला, "शाब्बास, केतकी!"

म्हाळसाक्कानं सूप उचललं आणि साळुंकीला उडवून दिलं. साळुंकी भिंतीवर बसली.

प्रधान म्हणाले, "वाहवा, राजकन्ये!"

साळुंकी म्हणाली, "राजा खूश तर आपण खूश."

पंतोजी म्हणाले, "शाब्बास!"

साळुंकी म्हणाली, "बिचारी. हिच्या डोक्यात काही शिरायचं नाही, मग शिकवा कशाला?"

पंतोजींनी उपरण्यानं तोंड झाकलं. वर पानं सळसळली. केतकी ऐकत होती.

मधुजिव्ह म्हणाला, "गुणाची गं पोर, धन्य धन्य!"

साळुंकी म्हणाली, "तुझ्यानं होणार नाही, तुझ्यानं होणार नाही, तुझ्यानं होणार नाही."

मग ती राजाकडे वळली. राजा काही बोललाच नाही. तरी साळुंकी म्हणाली, "जन्मली तेव्हा रडली नाही. मला अजून भीती वाटते."

केतकीनं वरून विचारलं, "आबा, मला जमणार नाही असं तुम्हाला वाटतं?"

राजाच्या ओठांवर वाहवा आलं होतं. त्यानं ते गिळलं. "मला ठाऊक नाही, बाळ," तो म्हणाला. "तुला मी कधी करूच दिलं नाही. दोन दिवस रडतेस. काही करताना चुकलं का?"

"चुकलं."

राजानं आपलीच बंदी मोडली. "मग पुन्हा कर."

केतकीनं बोटांना परकराचं टोक गुंडाळलं नाही, की डोळे मिटले नाहीत. आंबेसकट शेंडा धरला, नख लावलं आणि खुडला.

झाड थरारलं. गुळगुळीत खोडाला आडवी फांदी फुटली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, पार जमिनीपर्यंत, आणि फांदीफांदीला घाटे लगडले. केतकी एकेक पाऊल टाकत उतरू लागली. मध्ये एकदा पाय घसरला, तो तिनं परत टाकला. खालून कुणी वाहवा म्हटलं नाही. ती मातीवर उभी राहिली आणि तिच्या पाठीमागे झाड खाली खाली येत हरभऱ्याचं झाड असतं तेवढं झालं. वीतभर.

मांत्रिकानं जिभेवर काहीतरी गोड आणायला तोंड उघडलं. तो भट्टीलगतच्या भिंतीशी उभा होता, भिंतीपलीकडे भट्टी रसरसलेली होती. जीभ वितळली. तो मुकाट्यानं उत्तरेकडे चालता झाला, आणि त्याच्या मागोमाग मुंग्यांची रांग राज्याच्या वेशीपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी राजानं भिंतीत दार पाडलं. पंतोजी पुन्हा 'ग' पासून शिकवू लागले, आणि म्हाळसाक्काची पोती आत जाऊन पडली, कारण आता डोकावायला दारच होतं.

त्याच दारातून केतकी भट्टीवर आली. तिनं घाटे सोलले होते, दाणे उन्हात वाळवले होते. तिनं तापल्या वाळूत हरभरे टाकले, झारा फिरवला, आणि पहिली खेप म्हाळसाक्कापुढे धरली.

राजा शेजारी उभा होता. त्यानं एक दाणा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि कसंबसं म्हणाला, "करपलेत."

केतकी खळखळून हसली. "ठाऊक आहे. पुन्हा करते."

दुसरी खेप कच्ची राहिली. तिसरी टचटच फुटली. म्हाळसाक्कानं मूठभर घेतले, एकेक करून खाल्ले, सावकाश. केतकी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वळचणीत साळुंकी बसली होती, पण तिला बोलायला काही उरलंच नव्हतं, कारण म्हाळसाक्कानं काही गिळलं नाही. तिनं रिकामी मूठ पुढे केली आणि म्हणाली, "अजून दे गं."

झाड होतं वीतभर, कहाणी झाली हातभर. जास्त वाढायच्या आत इथंच तिचा शेंडा खुडला.