रॅन्समचा डोह

ही पाटी वाचून पुण्या-मुंबईची मंडळी हसतात. डोहाला इंग्रजी नाव! हसा खुशाल, फोटोही काढा. पाण्यात पाय तेवढे सध्या घालू नका. हे नाव म्हणे अमेरिकेतही क्वचितच ठेवतात, आमच्या गावात मात्र एक रॅन्सम असावाच लागतो.

असं सांगतात, माझ्या पणज्याच्या काळी इथे एक अमेरिकन डॉक्टर राहायला आला. त्याची आधीची मुलं जगली नव्हती. एकच वाचला, त्याचं नाव रॅन्सम. येसूबाई घोगरेचा मुलगा डोहात बुडत होता, तेव्हा या पोराने उडी मारून त्याला काठाकडे ढकललं आणि स्वतः वर आलाच नाही.

पुढे येसूबाईला दुसरा मुलगा झाला. उपकाराची आठवण म्हणून बारशाला आत्याने त्याच्या कानात तेच नाव सांगितलं. डॉक्टरची मडम ते ऐकून धावत आली.

"बाई, हे नाव नको. दुसऱ्याला सोडवायला बदल्यात जो द्यायचा, तो रॅन्सम."

"मग तुम्ही का ठेवलंत?"

"मला वाटलं, आधीचे गेले, त्यांच्या बदल्यात हा सुटला. मी उलटं समजले."

येसूबाईने घाबरून पोराला धोंडू म्हणायला सुरुवात केली. त्याच पावसाळ्यात डोहाने गावातली तीन मुलं नेली. मग सगळं गाव तिच्या दारात येऊन बसलं. पाळणा पुन्हा बांधला, आत्याने रडत रडत तेच नाव पुन्हा सांगितलं, आणि डोह शांत झाला. त्या पोराला मिसरूड फुटलं. एका दुपारी तो भरल्या ताटावरून उठला आणि सरळ पाण्यात चालत गेला.

तेव्हापासून एक रॅन्सम गेला, की गावात पुढे जो मुलगा जन्मेल त्याला ते नाव. बाकीची पोरं बिनघोर पोहतात. सगळे याला रीत म्हणतात.

बाकी मुलखात मुलगा व्हावा म्हणून नवस बोलतात. आमच्या बाया आजही देवीकडे मुलगी मागतात. गेल्या महिन्यात आताचा रॅन्सम गेला, तशा दिवस भरत आलेल्या सगळ्या माहेरी पळाल्या. माझ्या सुनेला माहेर नाही. ती पहाटेपासून अडली आहे, म्हणून मी असा अंगणात बसून तुमच्याशी बोलतोय.

थांबा, बाळ रडलं. सुईण बाहेर आली. माझ्याकडे बघत का नाही ती?