अर्धे चाक

एकदा एका वृद्ध चित्रकाराचा संताप साऱ्या गावाने पाहिला. जर्मनीतल्या एका लहानशा गावी तो राहत असे. तिकडे गाव कितीही चिमुकले असो, त्याचे स्वतःचे मानचिन्ह असते. ढालीच्या आकाराच्या फळीवर रंगवून ते कचेरीच्या दारावर लावतात. या गावाच्या ढालीवर खाली निळा ओढा होता, आणि वर पाणचक्कीचे अर्धेच चाक.

गावची पाणचक्की एका व्यापाऱ्याने विकत घेतली. ओढ्याला बांध घालून सगळे पाणी चक्कीकडे वळवायचे, हा त्याचा बेत. खालच्या गावाची गुरे तहानेने मरोत, याचे काय जाते! गावसभेची संमती तेवढी हवी होती. म्हणून या उदार पुरुषाने ढाल नव्याने रंगवून देण्याचे कबूल केले. वृद्ध परगावी होता. "अर्धं चाक दरिद्री दिसतं, पुरं कर," असे व्यापाऱ्याने त्याच्या शिष्याला सांगितले. जुना रंग उडाला असेल, असे समजून शिष्याने चाक पुरे केले आणि त्यावर सोनेरी वर्खही चढवला.

सभेच्या सकाळी वृद्ध परतला. ढाल पाहताच तासणी घेऊन शिडीवर चढला आणि सर्वांदेखत सोने खरवडू लागला.

"गुरुजी, माझं काय चुकलं?" शिष्य रडकुंडीला आला.

"विचारलं नाहीस, हे चुकलं!" म्हातारा वरूनच कडाडला. "एका दुष्काळात आपल्या चक्कीनं सगळं पाणी अडवलं होतं. खालच्या गावात माणसं मरू लागली. तेव्हा आपल्याच पूर्वजांनी ते चाक करवतीनं अर्धं कापलं. पीठ मिळेना, तर पोरांना उकडलेले गहू घातले. तेव्हापासून अर्धं पाणी आपलं, अर्धं त्यांचं. आज हा माणूस त्यांचं अर्धं मागतोय, आणि तुम्ही ते त्याला आधीच सोन्यानं मढवून दिलंत! लाज नाही वाटत?"

"जुन्या चित्रानं पोट भरतं का?" व्यापारी हसला.

"नाही भरत. पोटाला चिमटा घेऊनच काढलंय ते!"

माणसे खाली माना घालून आत गेली. आपल्या चिन्हाचा अर्थ आपण विसरलो, की तो बदलून द्यायला असा एखादा दाता हजरच असतो, आणि तोही फुकटात.

शिष्य शिडीवर चढला. त्याने गुरूच्या हातातली तासणी घेतली. आत बांधाचा प्रश्न पुकारला गेला. बाजूने एकही हात वर झाला नाही. शिष्य उरलेले सोने खरवडत राहिला.