भुंगेऱ्यांच्या मिशा

एका राज्यात जोंधळा इतका पिके, की पाहुण्याला कणसांआडून राजवाडा दिसत नसे. राजाचे नाव वज्रसेन. एका साली भुंगेरे आले आणि कोवळी कणसे खाऊ लागले. राजा मोठा संतापी. त्याने हुकूम सोडला, "मारू नका. मिशा छाटा आणि सोडून द्या." मिशा गेलेल्या भुंगेऱ्यांना वास येईना, शेजारचे कणीसही सापडेना. ते धुळीत गोल गोल फिरून उपाशी मेले. राजाने छाटलेल्या मिशा गाडग्यात भरून ठेवल्या आणि साखर वाटली.

वारुळांच्या टेकडीवर कालकंटक मांत्रिक राहत होता. भुंगेऱ्यांचे हाल पाहून त्याने शाप दिला, आणि राज्यातल्या माणसांना वास येईनासा झाला. फुलांचा गेला, करपल्या भाकरीचाही गेला. लोक आधी हसले. अत्तरवाले तेवढे कपाळाला हात लावून बसले. मग राणी कुमुदिनी बाळंत झाली. राजपुत्राला छातीशी धरावे, तर तो तोंड इकडेतिकडे फिरवी, वासावाचून आईला ओळखीना. चमच्याने घातलेले दूध ओठांतून ओघळून जाई. हळूहळू त्याचे रडणेही बारीक झाले.

खिडकीत चास पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राणीसाहेब, छाटलेल्या मिशा घेऊन टेकडीवर जा. उशीर करू नका."

राणीने बाळ पोटाशी बांधले, मिशांचे गाडगे उचलले आणि टेकडी चढली.

कालकंटक म्हणाला, "मिशीवर तीन जातींचे केस असतात. कोणता काय जाणतो ते दाखव. शाप उतरेल."

राणीने एक मिशी कणसाजवळ धरली. लांब केस थरथरले. ते अन्नाचा वास जाणत. ओल्या मातीजवळ धरली. आखूड केस थरथरले. ते ओल जाणत. वाकडे केस मात्र कशालाच हलेनात. फूल झाले, पान झाले, दगड झाला. बाळ आता रडतही नव्हते.

"वारुळापाशी एक जिवंत आहे," मागोमाग उडत आलेला चास म्हणाला.

मिशा छाटलेला एक भुंगेरा तिथे भिरभिरत होता. राणीने मिशी त्याच्याजवळ नेली, आणि वाकडे केस ताठ उभे राहिले.

"हे आपल्यांना ओळखतात," राणी म्हणाली, आणि तिला रडू फुटले. "माझ्या बाळाचे जे गेले, तेच आम्ही यांचे नेले."

"उद्या ते पुन्हा शेतात आले तर?" कालकंटकाने विचारले.

"प्रत्येक शेताच्या कडेची एक रांग त्यांची. राजाच्या वतीने वचन देते."

"राजा मोडेल."

"मग माझ्या ताटातले त्यांना. मी उपाशी राहीन."

कालकंटकाने मूठभर माती उधळली. भुंगेऱ्याला मिशा फुटल्या आणि तो उडून गेला. वाऱ्यावर जोंधळ्याचा वास आला. बाळाचे नाक हलले. डोळे मिटलेलेच होते, तरी त्याने मान वळवली आणि नेमके आईपाशी तोंड नेले.

राजा धापा टाकीत टेकडीवर पोहोचला, तेव्हा राणी पाजत होती. तिने वचन सांगितले. राजाच्या कपाळाला आठी पडली. मग त्याला दूध पिण्याचा चुकचुक आवाज ऐकू आला. तो तिथेच धुळीत बसला.

"दोन रांगा सोडा," तो म्हणाला.

त्या राज्यात पुढे माणसाला आणि भुंगेऱ्याला जोंधळा पुरून उरला.