मोडलेले कान

एका गावात एक पैलवान होता, शिदू त्याचं नाव. तुम्ही ते ऐकलं नसेल, कारण तो काही मुलूख गाजवून आलेला नव्हता. पण आसपासच्या गावांच्या जत्रा त्याच्याशिवाय रंगत नसत. लहानपणी तो बत्ताशांसाठी कुस्ती खेळला, मग नारळासाठी, मग फेट्यासाठी, आणि असं करत करत शेवटच्या कुस्तीला पोचला. जत्रेतली शेवटची कुस्ती म्हणजे सगळ्यात मोठी. ती बघायला माणसं झाडावर चढून बसत.

एवढ्या कुस्त्यांत शिदूचे दोन्ही कान मोडले होते. समोरच्याच्या अंगावर आणि मातीवर रगडून रगडून पैलवानाचे कान सुजतात आणि मग तसेच गाठाळून बसतात. त्याची बायको चिडवायची, "कान आहेत का भजी?" शिदू म्हणायचा, "अगं, हीच माझी कमाई. चोर आला तरी नेता येणार नाही!"

गावची तालीम म्हणजे चार भिंती आणि मधे तांबड्या मातीचा हौद. दरसाल त्या मातीत घराघरातून ताक, तेल, हळद यायची. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नसे, तो येऊन माती कालवून जायचा. म्हातारे वस्ताद तिथंच राहत आणि पोरांना शिकवत. शिदूही त्यांच्याच हाताखाली घडला होता. जागा मात्र सरदाराची होती.

आता हा सरदार! त्याला कुस्तीचा भारी शौक. कुस्ती बघण्याचा नव्हे हो, जिंकण्याचा! त्यानं गढीवर एक पैलवान ठेवला होता. दूध, तूप, बदाम, मागेल ते पुढ्यात. गडी असा थोराड की दारातून तिरका होऊन जावं लागे. आजवर तो एकही कुस्ती हरला नव्हता.

त्या वर्षी शेवटची कुस्ती ठरली ती शिदूची आणि सरदाराच्या पैलवानाची. जत्रा तोंडावर आली तसा सरदाराचा कारभारी तालमीत येऊन टेकला.

"शिदू, जरा वेळ झोंबायचं, लोकांना मजा आली पाहिजे. मी खाकरलो की पाठ टेकायची."

"आणि नाही टेकली तर?"

"तर तालमीला कुलूप. जागा कुणाची ते ठाऊक आहे ना? अरे, घाबरतोस काय? आजवर सगळेच पडले. तुझ्या एकट्याच्या पाठीला काय सोनं लागलंय?"

नुसतं शिदूवर बेतलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं सुनावलं असतं. पण तालीम गेली तर वस्ताद या वयात जाणार कुठं? पोरं खेळणार कुठं? त्याला घास गोड लागेना. शेवटी तो वस्तादांपुढं जाऊन उभा राहिला. म्हातारा हौदात फावडं मारत होता.

"वस्ताद, पडू का?"

"पड की. तालीम वाचेल," वस्ताद म्हणाले. "पण मग मी इथं पोरांना शिकवू काय? हुकूम आला की कसं पडायचं ते? त्याला माती कशाला लागते, लेका? अंथरूण पुरे!"

"पण तुमचं कसं होईल?"

"माझं मी बघतो. तू तुझ्या पाठीचं बघ."

जत्रेच्या दिवशी हलगी कडाडली. शिदूनं शड्डू ठोकला, माती कपाळाला लावली आणि सलामीला हात पुढं केला. तेवढ्यात त्याची नजर समोरच्याच्या कानांवर गेली. कान कसे? न्हाऊमाखू घातलेल्या बाळाचे असावेत तसे, मऊ, गुळगुळीत, एक वळ नाही. एवढ्या कुस्त्या जिंकलेला गडी, आणि कान कोरे! शिदूला त्याची कीव आली, आणि सरदाराचा असा संताप आला म्हणता!

दोघं भिडले. जरा वेळानं सरदाराचा पैलवान धापा टाकत पुटपुटला, "अरे, तू तर खराच जोर लावतोयस!"

"मग काय फुगडी घालू?" शिदू म्हणाला.

काठावर कारभारी खाकरला. पुन्हा खाकरला. शेवटी न राहवून ओरडला, "शिदू, वेळ झाली!"

शिदूनं पकड न सोडता सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "कारभारी, तुमची झाली असेल. माझी कुस्ती अजून चालू आहे!"

आणि पुढच्याच दमात त्यानं धोबीपछाड टाकली. गढीवरचा तो डोंगर त्याच्या खांद्यावरून गेला आणि दोन्ही खांदे टेकून मातीत पसरला. असा गलका उठला की हलगी ऐकू येईना. सरदार बक्षिसाची चांदीची गदा घेऊन तरातरा निघून गेला. जाईना का!

मैदान रिकामं झाल्यावर शिदू मात्र खाली मान घालून तालमीकडं निघाला. बघतो तर काय, तिथं माणसांची रीघ! वस्ताद फावड्यानं माती भरून देत होते, आणि सगळा गाव पाट्या डोक्यावर घेऊन ती बाहेर नेत होता. सगळ्यात पुढं शिदूची बायको. कुलूप घेऊन आलेला कारभारी तिच्यावर खेकसला, "माती खाली ठेवा! ही सरदारांची आहे!"

"जागा सरदारांची," ती पदर खोचून म्हणाली. "या मातीत ताक माझं आहे, हळद शेजारणीची आहे, घाम या पोरांचा आहे. तेवढं वेचून आमचं आम्हाला द्या, आणि उरेल ती माती खुशाल ठेवा!"

कारभाऱ्याला काय वेचता येणार? त्यानं रिकाम्या तालमीला कुलूप घातलं. गावानं ओढ्याकाठच्या चिंचेखाली नवा हौद केला. वस्तादांना शिदूनं आपल्या घरी नेलं. नव्या तालमीला ना भिंत, ना छप्पर. उन्हाळ्यात पोरांचे हाल व्हायचे, पण कुलूप घालायला दारही नव्हतं.

काही दिवसांनी सरदाराचा पैलवान एकटाच चिंचेखाली आला. हरल्यामुळं सरदारानं त्याला गढीबाहेर काढलं होतं.

"काय, उट्टं काढायला आलास?" शिदूनं विचारलं.

"शिकायला आलो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "सगळे मुद्दाम पडत होते, हे मला कुणी सांगितलंच नाही. माझ्याशी खरं खेळलेला तू पहिला."

"नाव काय तुझं?"

"गोंदा. पण मला सगळे सरदाराचा पैलवान म्हणतात."

"ते झालं गेलं. ये गोंदा, लंगोट लाव."

त्यानंतर गोंदा रोज मातीत लोळला, रोज आपटला गेला. आणि एके दिवशी त्याचा कान सुजून टम्म झाला. तो कान धरून तो चिंचेभोवती नाचत सुटला, "वस्ताद, मोडला! माझा कान मोडला!" वस्तादांनी त्याला जवळ घेतलं आणि मूठभर माती त्याच्या कपाळाला लावली.

तात्पर्य काय, तर हुकमानं टेकलेली पाठ पुन्हा ताठ होत नाही, आणि फुकट मिळालेली जीत अंगी लागत नाही.