सव्वा व्होल्ट

"पण यंत्राच्या मोजण्याची वरची हद्द, ते संदर्भ व्होल्टेज, किती ठेवायला हवं होतं, सर? मला फक्त आकडा सांगा!"

यशोधनचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर दाभोळे सर तांदूळ निवडत बसले होते. जन्मभर कॉलेजात मोजमापाची यंत्रं शिकवून ते इथे येऊन राहिले होते. यशोधन त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

"तू किती ठेवलंस?"

"सव्वा व्होल्ट."

"आणि डोंगराच्या भेगेवरचा सेन्सर?"

"पाच व्होल्टपर्यंत जायचा. पण हद्द जितकी खाली, तितकं बारीक दिसतं. मला डोंगराची केसाएवढी हालचाल पकडायची होती... आणि पकडली! म्हणून तर खुटवळची अख्खी वाडी शाळेत हलवली."

"मग?"

"भेग रुंदावत गेली, आकडा चढत गेला. मग... थांबला. दुपारपर्यंत तोच आकडा. सेन्सर सव्वाच्या पुढे गेला होता, सर. त्यापुढचं सगळं यंत्राला सारखंच."

"आणि तुला?"

यशोधनची मान खाली गेली.

"मला वाटलं, डोंगर थांबला. लोक म्हणत होते, अजून एक दिवस इथंच राहू. मी म्हटलं, मी मोजलंय. जा घरी."

त्या संध्याकाळी वाडीत चुली नुकत्याच पेटल्या होत्या, तेवढ्यात दरड आली.

सर तांदूळ निवडत राहिले...

"पाच ठेवलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

"तर पहिली हालचाल दिसलीच नसती. लोक घरातच राहिले असते." तो अडखळला. "म्हणजे कसंही..."

सरांनी हात वर केला. त्याला ते वाक्य पुरं करू दिलं नाही.



"वाडीतलं कोण उरलंय?"

"द्वारकाआजी. तापाने फणफणली होती, म्हणून शाळेतच राहिली. मुलगा, सून, नातवंडं... सगळी गेली."

"तुला काही म्हणाली?"

यशोधनला हुंदका आवरेना.

"ताप उतरल्यावर मला हाक मारली. विचारलं, 'आता जाऊ का रं घरला?' तिला कुणी सांगितलंच नव्हतं, सर..."

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही. तसाच निघून इथे आलो."

सरांनी ताट बाजूला सारलं. उठले, चपला पायात सरकवल्या.

"मग ती अजून वाट बघत असेल."