डाव्या हाताचा दिवा

केळशिंग्याचं तळं एका टोकाला चिंचोळं होत जातं. तिथे मध्यावर दोन बांबू रोवलेले आहेत. साहित्य मेळ्याच्या संध्याकाळी त्यांच्यामध्ये पांढरा पडदा ताणतात, आणि आपला आवडता चित्रपट दाखवायला आलेले लेखक काठावर चपला काढून गुडघाभर पाण्यात उतरतात. बांबूला टेकूनच बोलतात. नवखे लेखक कुरकुरतात, तेव्हा गावातली चंपूमावशी त्यांना पायरीवर बसवते आणि वेणू कासलेची गोष्ट सांगते.

पूर्वी म्हणे अलीकडच्या काठावर सिनेमाचं यंत्र असे, तिथे पुरुष बसत. बायका पलीकडे, पडद्यामागे. तिकडून सगळं उलटं दिसे. नावं वाचता येत नसत आणि पडद्यावरची माणसं डाव्या हातानं जेवत. सिनेमातली माणसं डावरीच असतात, अशी गावच्या बायकांची खात्री होती. त्यांना हसण्यात अर्थ नाही. दुसरी बाजू त्यांना दाखवली होती कुणी?

वेणू डावरी. त्या हातावर तिनं लहानपणी खूप मार खाल्ला. एकदा पडद्यामागून तिनं पाहिलं, नायिका अंधाऱ्या घरात शिरली आणि डाव्या हातानं तिनं दिवा लावला. कुणी ओरडलं नाही. ज्योत वर आली, तळ्यातही एक ज्योत हलली. त्या दिवसापासून वेणूनं हात लपवला नाही. त्याच हातानं लिहून ती लेखिका झाली, आणि पुढे याच मेळ्यात तोच चित्रपट दाखवायला आली.

अलीकडच्या काठावर उभी राहून तिनं डाव्या हातानं लावलेल्या त्या दिव्याची गोष्ट सांगितली, तशी पुरुषांत खसखस पिकली.

अध्यक्ष तात्यासाहेब मिशीत हसत म्हणाले, "अहो बाई, उजव्या हातानं लावते ती! आम्ही सरळ बाजूनं पाहिलाय."

पलीकडून एक म्हातारी ओरडली, "सरळ बाजू कुठली, ते कुणाला विचारून ठरवलंत हो तात्या?"

वेणूला सगळं एकदम कळलं. आपलं अवघं लिहिणं एका उलट्या चित्रावर उभं आहे. तिनं पदर खोचला, लेखणी डाव्या मुठीत धरली.

"आज दिवा लावताना या काठावरून तिचा उजवा हात दिसला, तर ही लेखणी तळ्याला दिली. पुन्हा लिहिणार नाही."

आणि ती पाण्यात उतरली. बांबूपाशी जाऊन थांबली. तिथून पडद्याची कुठलीच बाजू दिसत नाही. दिसतात फक्त दोन्ही काठांवरची तोंडं, पडद्याच्या उजेडात उजळणारी, विझणारी. वारा पडला होता. पाणी इतकं निवांत, की आपण पाण्यात उभ्या आहोत की उजेडात, हे तिला कळेना, असं सांगतात.

दिव्याचा प्रसंग आला. पलीकडच्या बायका नेहमीसारख्याच शांत. अलीकडे मात्र हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. तात्यासाहेब उठून उभे राहिले आणि आपल्याच दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघू लागले.

वेणूनं लेखणी अंबाड्यात खोचली.

रीळ उलटं घातलं गेलं असेल, असं गावातले जाणते अजून म्हणतात. मग पलीकडे उजवा हात दिसायला हवा होता. पलीकडेही डावाच दिसला म्हणे. यावर जाणते पान लावायला घेतात.

आजही लेखक बांबूला टेकून बोलतो. स्वतःचा आवडता चित्रपट तो पाहत नाही, पाहणाऱ्यांची तोंडं पाहतो. बायका-पुरुष हव्या त्या काठावर बसतात. पण आधी लेखकानं डाव्या हातानं दिवा लावायचा असतो. काडी विझते, दुसरी पाण्यात पडते, मोठमोठ्या नावांना घाम फुटतो. मग पलीकडून कुणीतरी हाक देतं, "सावकाश हो, लेखकराव. पहिल्यांदा उलट्या बाजूला आलात ना!"